अठ्ठावन्न किलोंवर बसवलेली गाडी

धाकटा खाली आला तो जाड कापडाचं एक भेंडोळं काखेत मारूनच. ताई तेव्हा मशीनवर कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत होती. तिने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, आता हे काय नवीन. तो म्हणाला, दोन पिशव्या हव्यात. एक मोठी, एक लहान. तोंडाची शिवण दुहेरी घाल, आत वाळू भरायची आहे.

"वाळू कशाला रे?"

"गाडीत बसवायला," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

ताईला गल्लीतली सगळी माणसं ताईच म्हणत. वय बावन्न, शिक्षण बेताचं, पण नजर अशी की समोरून कुणी चालत गेलं की त्याची कंबर किती आणि घरात कुणाशी बिनसलंय, दोन्ही तिला एका फटक्यात कळे. मशीन मुद्दाम खिडकीशी मांडलेलं. उजेडासाठी, असं ती सांगायची. आईवडील एकापाठोपाठ एक गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून त्याचं जेवणखाण, शाळा, आजारपण, कपडे सगळं तिनेच बघितलं. तो आता चव्वेचाळीसचा झाला, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर लागला, शहाऐंशी किलोंचा झाला, तरी तिच्या तोंडी तो धाकट्याच. लिफ्टमध्ये सहा माणसांची पाटी असली तर धाकटा आत शिरल्यावर पाच वाचावेत, असं त्याचे सोबती म्हणत. तो रागावत नसे. लग्न दोघांनीही केलं नाही. वरच्या खोलीत तो, खाली ती. ती म्हणायची, मला एक भाऊ आहे तेवढा पुरे, दुसरा पसारा नको.

आणि मग ती गाडी आली. वीसएक वर्षांची जुनी, दोन दारांची, काळपट लाल, नाक जमिनीला लावून बसलेली. धाकटा विशीत असताना रस्त्यावर असली गाडी दिसली की मान मोडेपर्यंत वळून बघायचा. आता पुलापलीकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी ती विकायला काढल्याचं त्याला कळलं आणि तो दोन दिवसांत घेऊनच आला. गाडी बाईंच्या मुलाची. मुलगा गेला, चालवणारं कुणी उरलं नाही.

समोरच्या खणात धाकट्याला एक घडी घातलेला आलेखाचा कागद सापडला. तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. त्या मुलाने गाडीत काय काय बदलायचं ते सगळं पेन्सिलीने काढून ठेवलं होतं. चाकं एक इंचाने मोठी, अलॉयची. टायर जरा रुंद आणि बुटके. स्प्रिंगा कडक. शॉकअप असे, की खालची आट्यांची रिंग फिरवली की गाडीची उंची हवी तेवढी वरखाली करता यावी. चारी चाकांपाशी मडगार्डची कड किती उंचीवर हवी, ते मिलिमीटरमध्ये. प्रत्येक ओळीसमोर एक चौकोन, काम झालं की खूण करायला. एकाही चौकोनात खूण नव्हती.

धाकटा रोज संध्याकाळी तो कागद ताईच्या कापायच्या टेबलावर पसरायचा आणि तिला समजावून सांगायचा. तिला ते कळायचंही. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटं जागा का हवी, तर शिवणीला माया सोडतात तशीच. फार सोडली तर ढगळ दिसतं, कमी सोडली तर वळताना घासतं. हा मुलगा शिंपी झाला असता तर नाव काढलं असतं, असं ती म्हणाली. कागदाच्या तळाशी, बाकी सगळ्यापेक्षा जरा थरथरत्या हाताने, एकच ओळ होती. चालक, अठ्ठावन्न किलो.

पिशव्या घेऊन ती स्वतःच, गाडीचं बाकी सगळं काम जिथे झालं होतं त्या मिस्त्रीच्या शेडमध्ये गेली. धाकटा नेणार होता, पण तिला बघायचं होतं. मिस्त्री साठीचा, बोटं ग्रीसने कायमची काळी, बोलणं मात्र गोड. त्याने तिला स्टूल पुसून दिलं आणि सांगितलं की असली गाडी रिकामी ठेवून उंची लावता येत नाही. चालवणारा एका बाजूला बसतो, त्याच्या भाराने ती बाजू दबते. म्हणून त्याच्या वजनाची वाळू सीटवर ठेवायची आणि मग चारी रिंगा फिरवायच्या. मोठी पिशवी बसायच्या जागी, लहान खाली, पायांच्या जागी.

"साहेब, वजन किती तुमचं?" मिस्त्रीने विचारलं.

धाकट्याने कागद पुढे केला. "ह्यात आहे तेवढंच भरा."

मिस्त्रीने कागद वाचला, मग धाकट्याच्या पोटाकडे बघितलं. म्हणाला, गाडी म्हणजे बूट असतो हो, ज्याचा पाय त्याचंच माप घ्यावं. धाकटा ऐकेना. त्या माणसाने सगळा हिशोब एकमेकांत गुंतवून ठेवलाय, एक आकडा हलवला की बाकीचे हलतील, असं त्याचं म्हणणं. त्याला तो कागद जसाच्या तसा पुरा करायचा होता. ताईच्या मनात आलं होतं, मिस्त्रीचं ऐक म्हणावं. पण धाकट्याचा चेहरा खेळणं मिळालेल्या पोरासारखा झाला होता. ती गप्प बसली. पुढे कितीतरी दिवस तिला त्या गप्प बसण्याची आठवण यायची.

पिशव्या जागच्या जागी ठेवल्या, पट्टा लावला. दुपार होती, पण आभाळ भरून आलेलं आणि शेडमध्ये एकच दिवा. मागच्या काचेतून ताईला सीटची पाठ दिसत होती आणि तिच्या मनात उगीच आलं, पिशव्या ठेवल्यासारख्या वाटत नाहीत, बसल्यासारख्या वाटतात. मिस्त्री गाडीखाली सरकला. आट्यांवरून रिंग फिरल्याचा कुरकुर आवाज एकेका चाकापाशी आला. चौथ्या चाकापाशी तो थांबला, आणि गाडी आपल्या आपण केसभर खाली बसली. कुणीतरी फार वेळ धरलेला श्वास सोडावा, तसा आवाज झाला.

धाकट्याने शेवटच्या चौकोनात खूण केली.

पहिले काही दिवस तो कुरकुरला. गाडी एका अंगाला ओढते, वळणावर नाक बुजतं, माझ्याकडची बाजू दबलेलीच राहते. ताई म्हणाली, मिस्त्रीने सांगितलं होतं. तो म्हणाला, बसेल हळूहळू. आणि दोन आठवड्यांनी खरंच म्हणाला, आता बसली. ताईलाही एकदा फिरवून आणलं. वळणावर गाडी जराही झुकत नव्हती, रुळावर असल्यासारखी जात होती. चाकं तेवढी सुंदर दिसत होती, रुंद आणि चकचकीत. पण आत नव्या रबराच्या वासाखाली दुसरा एक वास होता. स्पिरिटचा, धुतलेल्या चादरींचा, फार दिवस बंद असलेल्या खोलीचा. ती काच खाली करायला गेली, तर तो न बघता म्हणाला, नको, मला गार वारा चालत नाही. धाकट्याला थंडीतसुद्धा पंखा लागायचा.

मग त्याची पँट कमरेला ढिली झाली. ताईच्या वहीत त्याची कंबर चाळीस होती. तिने टेप लावली, सदतीस भरली. ती हसून म्हणाली, चला, गाडीने एक तरी चांगलं काम केलं. पुढच्या आठवड्यात चौतीस. तो जेवत होता नेहमीसारखा, ताट चाटूनपुसून. मग ती हसायची थांबली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले, साखर बघितली. काही निघालं नाही. माणसं वयाने बारीक होतात कधीकधी, असं म्हणून त्यांनी टॉनिक लिहून दिलं.

पण डॉक्टरांना एक गोष्ट दिसली नव्हती, कारण ते कुणाच्या पँटी शिवत नव्हते. पँट घोट्याच्या वर आली होती. ताईला आधी वाटलं, कापड आटलं. तिने पँट मोजली, एकोणचाळीस, जशी तिने शिवली होती तशी. मग तिने धाकट्याला भिंतीशी उभं केलं आणि कमरेपासून टाचेपर्यंत टेप लावली. साडेचाळीस भरली. तिने टेप लोखंडी पट्टीशी ताडून बघितली. टेप बरोबर होती. आठ दिवसांनी पुन्हा मोजलं. एक्केचाळीस आणि वर दोन सूत. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस उंच होत होता.

ती हे कुणाला बोलली नाही. सांगणार काय आणि कुणाला. मशीनवरचा दिवा लावून ती वहीतले आकडे बघत बसायची. वर धाकट्याच्या खोलीत पावलं वाजायची, आणि ती पावलं त्याची नव्हती. तो धपधप चालायचा, छताची धूळ पडायची. ही पावलं हलकी होती, लांब टांगा टाकणारी, मध्येच दम खायला थांबणारी. जिन्याखालच्या दारातून येताना तो आता मान वाकवायचा. त्या दाराला त्याचं डोकं कधी लागलं नव्हतं, आणि अजूनही लागलं नसतं. पण तो वाकवायचा, सवयीने.

रोज पाचच्या सुमाराला तो गाडी काढायचा आणि दिवेलागणीनंतर परत यायचा. कुठे जातोस विचारलं तर म्हणायचा, असाच... एक फेरी. एकदा ताईने हट्टाने त्याला औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं. एकसष्ट. चार दिवसांनी एकोणसाठ. मग अठ्ठावन्न. त्यापुढे काटा हलेना. सहा दिवस ओळीने अठ्ठावन्न.

सहाव्या दिवशी काट्यावरून उतरताना धाकटा समाधानाने म्हणाला, "आता आणखी उतरणार नाही."

ताईने सकाळी घेतलेली मापं एका चिठ्ठीवर उतरवली, टेप पदराच्या टोकात बांधली आणि दुपारी पूल ओलांडून गेली.

म्हाताऱ्या बाईंचं घर तळमजल्यावर होतं, रस्त्याला लागून, शेजारी रिकामं गॅरेज. आभाळ उतरलेलं, घरात दिवा नव्हता. बाईंनी दार उघडलं आणि ती कोण हे कळताच हात धरून आत नेलं. पंचाहत्तरीच्या, वाळक्या, पण डोळे ताजे. पूर्वी नर्स होत्या, पाठीचा कणा अजून ताठ. आतल्या खोलीत एक लोखंडी खाट होती, कडेला कठडा लावलेली. चादर ताणून घातलेली. खाटेशेजारच्या तिवईवर दोन कप होते, एक पालथा, एक सुलटा.

ताईने फार आढेवेढे घेतले नाहीत. कागदावरच्या शेवटच्या ओळीबद्दल विचारलं.

बाई सांगत गेल्या. मुलगा आठ महिने अंथरुणावर होता. वजन रोज त्या स्वतःच बघायच्या, दुसऱ्या कुणाला करू द्यायच्या नाहीत. उतरत उतरत अठ्ठावन्नवर आलं आणि तिथे सहा दिवस थांबलं. त्याला वाटलं, आता थांबलं ते थांबलंच. त्याने कागद मागितला आणि खाली ती ओळ लिहिली. म्हणाला, आई, ह्याच वजनावर गाडी बसवून घेतो, आणि तुला घेऊन एक फेरी मारतो.

"मग सातव्या दिवशी..." त्या म्हणाल्या आणि चादरीची कड खोचली.

ताईने त्याची एखादी पँट आहे का विचारलं. बाईंनी का म्हणून विचारलं नाही. कपाटातून आणून दिली. ताईने ती खाटेवर पसरली आणि मोजली. कंबर अठ्ठावीस. लांबी बेचाळीस. मांडी, घोट्याशी मोहरी, सगळं. चिठ्ठी काढायची गरज नव्हती, तिला आकडे पाठ होते. धाकट्याच्या सकाळच्या मापांशी एकेक आकडा जुळत होता.

"तुमचा भाऊ रोज येतो की," बाई हळूच म्हणाल्या. "बसतो ह्या खाटेवर. कप कुठे ठेवलेत ते त्याला सांगावं लागत नाही."

"मावशी... तो माझा भाऊ आहे."

"हो ना. मी कुठे नाही म्हणते?" त्यांनी पँटीची घडी घातली, सुरकुती हाताने साफ केली. "काल जाताना मला म्हणाला, रविवारी तुला फिरवून आणतो. थोडे दिवस राहू द्या. एवढी एक फेरी होऊ द्या. मग तुमचा तुम्ही घेऊन जा."

ताईला आठवलं, सातवा दिवस उद्याच होता. तिने टेप गुंडाळली. म्हणाली, मावशी, मला एकच आहे. बाई म्हणाल्या, मलाही एकच होता. दोघी खाटेच्या दोन बाजूंना उभ्या होत्या आणि कुणीच खाली बघत नव्हतं. मग ताई निघाली. दारापर्यंत सोडायला बाई आल्या नाहीत.

घरी येऊन तिने मशीनवर तिसरी पिशवी शिवली. शिवण दुहेरीच घातली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने धाकट्याला सांगितलं की मिस्त्रीने चाकांची अलाइनमेंट बघायला बोलावलंय. तो लांब टांगा टाकत गाडीशी गेला. शेडमध्ये मिस्त्रीने त्याच्याकडे बघितलं मात्र, आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला. त्याने ताईला बाजूला घेऊन विचारलं, हे साहेब म्हणजे... तेच ना. ती म्हणाली, तेच आहेत, आणि तेच राहायला हवेत. शहाऐंशी भरा.

मिस्त्रीने उलट विचारलं नाही. स्वतः वाळू तोलली. जुन्या दोन पिशव्या आणि त्यावर ही अठ्ठावीस किलोंची तिसरी. धाकटा दाराशी बाकावर बसला होता, गुडघे वर आलेले, हात मांडीवर. तिसरी पिशवी सीटवर पडली तशी गाडी त्या बाजूला दबली. तो ताडकन उठला.

"नका ना..." तो म्हणाला. आवाज तरुण होता, जड जिभेचा, आजाऱ्यासारखा. "आत्ताच कुठे बसली होती... रविवारी आईला..."

ताईने त्याचा हात घट्ट धरला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित धीर सुटला असता, कारण रडतोय ते तिला हाताला कळत होतं. गाडीखाली रिंगा उलट्या फिरत होत्या. कुरकुर... थांब... कुरकुर. चौथं चाक झालं. ह्या वेळी श्वासासारखा आवाज झाला नाही. काहीच आवाज झाला नाही. धाकट्याचा हात तिच्या हातात हळूहळू ऊबदार झाला आणि तो म्हणाला, ताई, भूक लागलीय.

त्या संध्याकाळी पाच वाजले आणि गेले. गाडी दारातच उभी राहिली. धाकटा वर झोपला होता. ताई खिडकीशी बसून राहिली, हातात काम न घेता.

पुढचं सगळं सुरळीत झालं. काटा चढायला लागला. पासष्ट, बहात्तर, एक्क्याऐंशी. पँट पुन्हा घोट्यावर आली, मग बुटावर टेकली. वरची पावलं धपधप वाजायला लागली आणि छताची धूळ कापायच्या टेबलावर पडली तेव्हा ताई ती पुसायची सोडून बघत बसली. तिसऱ्या आठवड्यात काट्याने शहाऐंशी दाखवलं. सोबत्यांनी लिफ्टच्या पाटीचा विनोद पुन्हा सुरू केला. गाडीबद्दल तो फारसं बोलत नव्हता, चालवायचा मात्र छान, मिस्त्रीचं नाव घ्यायचा. डॉक्टरांनी टॉनिकचा गुण आला असं सांगितलं आणि तिने हो म्हटलं.

ताईने देवापुढे नवस बोलावा तसा मनात एक शर्ट बोलला होता. तो तिने शिवला. वहीतली जुनी मापं घेऊन, निळ्या चौकटीच्या कापडाचा. सगळा बेताचा बसला, छाती, पोट, खांदा. डावी बाही तेवढी मनगटाच्या वर राहिली. आरशासमोर हात पुढे करून धाकटा म्हणाला, ताई, म्हातारी झालीस, बाही चुकलीस. तीही हसली. उसवून सोडते म्हणाली. तो वर गेला, आणि ती चष्मा शोधत मशीनपाशी आली.

तेवढ्यात फोन वाजला.

"मी पुलापलीकडची," आवाज आला. म्हाताऱ्या बाई होत्या. आवाज इतका आनंदात की ताईला आधी ओळखूच आला नाही. "रागावला नाहीत ना? मी नाही हो रागावले. त्या दिवशी तुम्ही गेलात आणि मला वाटलं, संपलं सगळं. पण तुम्ही चांगलंच केलंत. दुसऱ्या दिवशी पाचला तो चालत आला. गाडी नव्हती. तेव्हापासून इथेच राहतोय."

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अंगाने भरलाय आता. किती भरलाय म्हणून सांगू. खाट मोडायला आलीय. आजारी माणूस असा भरला की आईला आणखी काय हवं. पण जुनं एकही अंगाला येत नाही हो, तीन आठवडे चादर गुंडाळून बसतोय. तुम्ही शिवता ना? म्हणून केला फोन. मापं मी घेतलीत, नर्सचा हात आहे, चुकायची नाहीत. लिहून घेता?"

ताईने खडू उचलला. का उचलला ते तिला कळलं नाही, आकडे ऐकले की हात आपोआप जायचा. कापायच्या टेबलावरच ती लिहीत गेली. कंबर चाळीस. छाती चव्वेचाळीस. पँटीची लांबी एकोणचाळीस. बाई एकेक आकडा हळू, स्पष्ट सांगत होत्या.

"बोलत काही नाही. पूर्वी किती बोलायचा. आता नुसता दाराकडे बघत बसतो. आणि झोपेत हाक मारतो... कुण्या ताईला. आम्हाला मुलगी नव्हती हो. त्याला बहीण कुठून असणार?"

"मावशी..." ताई म्हणाली. "बाही... बाह्या किती?"

"तेच सांगणार होते. उजवी चोवीस. पण डावी सव्वातेवीसच भरते. तीनदा मोजली. कोपराशी हाड जरा वाकडं लागतं हाताला, जुनं मोडल्यासारखं. आमच्या मुलाचा हात कधी मोडला नव्हता. आजारात होतं का हो असं?"

खडू टेबलावर पडून मोडला. आईवडील गेले त्या वर्षी धाकटा शाळेच्या जिन्यावरून पडला होता. हात जुळला, पण कोपराशी वाकडा. तेव्हापासून पस्तीस वर्षं ताई त्याची डावी बाही पाऊण इंच आखूड कापत आली होती. वहीत ते कधी लिहिलं नव्हतं. कात्रीलाच ठाऊक होतं. आत्ताच्या शर्टालाही तिने तशीच कापली होती. चुकली नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. धपधप, सावकाश. छताची धूळ पडली. निळ्या चौकटीच्या शर्टाचं वरचं बटण लावत तो दाराशी आला, आणि आत येताना त्याने मान वाकवली.

"कुणाचा फोन ग, ताई?" त्याने विचारलं.

तिने कानाला लावलेला फोन काढला नाही. पलीकडे बाई जरा थांबल्या होत्या. त्यांच्या मागे, खोलीच्या आतून, खाट करकरली, आणि झोपेतल्यासारख्या एका जड आवाजाने तीच हाक मारली... त्याच सुरात, एका श्वासाच्या अंतराने.

"ताई..."

"बघा, उठला," बाई म्हणाल्या. "कधी घेता मग शिवायला?"